गोल्फची काठी : वयाला साजेशी, देहाला मानवणारी

वाचकहो, एका घरातील प्रसंग डोळ्यांपुढे आणून पाहा. वडिलांना सत्तरावे वर्ष लागले. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाने सुट्टीवर येताना त्यांच्यासाठी गोल्फच्या काठ्यांचा नवा कोरा संच आणला. नामांकित बनावट, चकचकीत पोलादी दांडे, वर देखणी चामडी पिशवी. मुलाने स्वतः हाताळून, पसंत करून आणलेला तो संच पाहून वडील हरखून गेले. पहिला आठवडा कौतुकात गेला. महिन्याभरात उजव्या कोपराच्या आतल्या बाजूस ठणका लागला. पुढे सकाळी चहाचा कप उचलतानाही हात दुखू लागला. चेंडू पूर्वीसारखा उंच उठेना, लांब जाईना. तिसऱ्या महिन्यात ‘आता वय झाले’ एवढेच म्हणून त्यांनी संच माळ्यावर टाकला.

माळ्यावर गेला तो केवळ संच नव्हे. पहाटेची चार-पाच किलोमीटरांची चाल, हिरवळीवरचा मोकळा वारा, चौघा समवयस्कांची थट्टामस्करी आणि परतताना मिळून घेतलेला चहा, हे सारे त्याबरोबर गेले. घरच्यांनीही मान डोलावली, कारण सत्तरीत असे व्हायचेच, असे सर्वांना वाटले. मुलाच्या तिशीतल्या दणकट मनगटांना शोभणारी ती काठी वडिलांच्या हाताची होती काय, हा प्रश्न मात्र कोणालाच सुचला नाही.

या लेखाचा सारा खटाटोप त्या एका प्रश्नासाठी आहे. चष्मा आपण दुसऱ्याच्या डोळ्यांच्या नंबराचा घेत नाही. गोल्फची काठीही आपल्या आजच्या देहाच्या मापानेच घ्यावी. चाळिशीत जो देह होता त्याच्या मापाने नाही, आणि मुलाच्या देहाच्या मापाने तर नाहीच.

हा खेळ आपल्याकडे नवा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. मुंबईत चेंबूरला, पुण्यात येरवड्याला आणि अनेक लष्करी छावण्यांत गोल्फची मैदाने आहेत. खारघरला सिडकोने उभारलेले मैदानही आहे. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, उद्योजक अशी कितीतरी मंडळी साठीनंतरही तेथे नेमाने दिसतात. नऊ होलच्या फेरीत चार-पाच किलोमीटर चालणे होते, तेही धावपळीविना. ज्येष्ठांना हा खेळ मानवतो तो यामुळेच. मात्र त्यात कंबर पिळवटते, मनगटे झटका घेतात आणि हात वेगाने फिरतात. चुकीच्या काठीचा उपद्रव येथेच सुरू होतो.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. दुकानदार ज्याला ‘क्लब’ म्हणतात त्याला या लेखात ‘काठी’ म्हटले आहे, म्हणजे खेळाच्या संस्थेशी घोटाळा व्हायचा नाही. काठीचे भाग तीन : हातात धरावयाची ग्रिप, मधला दांडा म्हणजे शाफ्ट, आणि चेंडूवर आदळणारे हेड. हे तीन शब्द दुकानात सर्वत्र चालतात.

आधी देह, मग दुकान

खरेदीपूर्वी आपल्या डॉक्टरांशी एकदा बोला. ‘मी खेळू का?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘कंबर किती वळवू, किती वाकू, सलग किती चालू?’ हेही विचारा. हाडे ठिसूळ झाली असतील तर पुढे वाकून त्याच वेळी जोराने वळणे मणक्यांना धोक्याचे ठरू शकते. खुब्याचे वा गुडघ्याचे सांधे बदलले असतील, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, हृदयविकार असेल किंवा पेसमेकर बसवला असेल, तर खेळ केव्हा आणि कितपत सुरू करावा हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगावे.

सांधा बदलला म्हणजे खेळ संपला, असे मात्र समजू नका. अमेरिकेचे टॉम वॉटसन यांच्या खुब्याचा सांधा ऑक्टोबर २००८ मध्ये बदलला. पुढच्याच जुलैत, वयाच्या ५९व्या वर्षी, ते स्कॉटलंडमधील टर्नबेरी येथे ब्रिटिश ओपन स्पर्धेत बहात्तर होलनंतर बरोबरीने पहिल्या स्थानी होते. जादा फेरीत स्ट्यूअर्ट सिंक यांनी त्यांना हरवले. वॉटसन हे जन्मभराचे व्यावसायिक खेळाडू, त्यांची आणि आपली तुलना नको. तरीही सांधा आणि वय या दोन्ही गोष्टी सांभाळून खेळता येते, एवढे त्यांच्या उदाहरणातून घ्यावे.

डॉक्टरांशी बोलणे झाले की घरी एका कागदावर चार ओळी लिहा. कोणते सांधे दुखतात? सकाळी बोटे किती वेळ आखडलेली असतात? मूठ पूर्ण मिटते का? खांदे कानापर्यंत वर जातात का? हा कागद दुकानात बरोबर न्या. पैशाच्या पाकिटाइतकाच तो तेथे कामाला येईल.

ग्रिप : खर्च सर्वांत कमी, आराम सर्वांत मोठा

ज्येष्ठांच्या हाताचे दुखणे पुष्कळदा ग्रिपपासून सुरू होते. ग्रिप बारीक किंवा गुळगुळीत झालेली असली, की काठी निसटेल या धास्तीने आपण ती नकळत आवळून धरतो. आवळलेल्या मुठीमुळे पुढच्या हाताचे स्नायू ताठतात, तो ताण कोपरावर येतो आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेला, आधीच झिजलेला सांधा ठणकू लागतो. वर सांगितलेल्या वडिलांच्या कोपराचे दुखणे याच जातीचे. डॉक्टर त्याला ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणतात.

ग्रिपचे माप पाहण्याची सोपी रीत अशी. आपण उजव्या हाताने खेळत असाल तर काठी एकट्या डाव्या हाताने नेहमीप्रमाणे धरा. मधले बोट आणि अनामिका यांची टोके अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्याला हलकेच टेकली, तर माप बरोबर आहे. बोटे तळव्यात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे. बोटे आणि तळवा यांत फट राहत असेल तर ती जाड आहे. डावखुऱ्यांनी हीच परीक्षा उजव्या हाताने घ्यावी.

संधिवात असणाऱ्यांसाठी मात्र हा नियम थोडा सैल करावा. बोटे पूर्ण मिटत नसतील तर एक माप जाड, म्हणजे ‘मिडसाइज’ ग्रिप घ्यावी. फारच आखडत असतील तर त्याहून जाड ‘जंबो’. जाड ग्रिपला बोटे कमी मिटावी लागतात आणि काठी हलक्या हाताने धरता येते. ग्रिप मऊ रबराची असावी. दोऱ्याचे विणकाम असलेली खरखरीत ग्रिप घाम धरून ठेवते हे खरे, पण पातळ झालेल्या त्वचेला ती सोलवटते.

आपल्या दमट किनारी हवेत घामामुळे आणि उन्हामुळे ग्रिप लवकर कडक आणि निसरडी होते. खेळ झाल्यावर ती कोमट पाण्यात किंचित साबण घालून पुसावी व सावलीत वाळवावी. मोटारीच्या तापलेल्या डिकीत संच ठेवून देऊ नये. नेमाने खेळणाऱ्याने वर्षातून एकदा ग्रिप बदलणे इष्ट. जुना संच टाकून नवा घेण्याआधी केवळ ग्रिप बदलून महिनाभर खेळून पाहा. खर्च नव्या संचाच्या मानाने किरकोळ, आणि दुखण्याचे निम्मे उत्तर अनेकदा तेथेच सापडते.

शाफ्ट : अहंकार येथे आडवा येतो

शाफ्ट दोन प्रकारचे, पोलादी आणि ग्रॅफाइटचे. आयर्न म्हणजे लोखंडी हेडच्या काठीचा पोलादी शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅम भरतो. ज्येष्ठांसाठीचा ग्रॅफाइटचा शाफ्ट पुष्कळदा ५० ते ७० ग्रॅमच असतो. एका फटक्यात हा फरक जाणवत नाही. पण फेरीभर सरावाचे आणि खरे मिळून शंभरावर फटके मारले जातात, तेव्हा खांद्यांना तो चांगलाच जाणवतो. शिवाय चेंडूऐवजी जमिनीवर काठी आदळली तर पोलादातून झटका थेट मनगटात चढतो. ग्रॅफाइट त्या कंपाचा बराच भाग स्वतःच जिरवते. हातांना संधिवात असेल तर ग्रॅफाइट घ्यावे, याबाबत फारसा वाद उरू नये.

दुसरा मुद्दा लवचिकपणाचा. त्याला ‘फ्लेक्स’ म्हणतात आणि तो शाफ्टवर इंग्रजी अक्षराने दाखवलेला असतो. सर्वांत लवचिक ‘एल’, मग ‘ए’ किंवा काही ठिकाणी ‘एम’, मग ‘आर’, ‘एस’ आणि सर्वांत ताठ ‘एक्स’. ‘एल’ म्हणजे लेडीज, ‘ए’ म्हणजे बहुधा सीनियर, ‘आर’ म्हणजे रेग्युलर, ‘एस’ म्हणजे स्टिफ. वय वाढले की काठी फिरवण्याचा वेग उतरतो. मंद वेगाच्या हातात ताठ शाफ्ट दिला की तो पुरेसा वाकत नाही. चेंडू ठेंगणा जातो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा बहुधा उजवीकडे भरकटतो. मग खेळाडू अधिक जोर लावतो, आणि तो जोर कंबरेतून वसूल होतो.

आपल्याला कोणता शाफ्ट हवा? ड्रायव्हरने, म्हणजे संचातील सर्वांत लांब काठीने, मारलेला आपला नेहमीचा बरा फटका दोनशे यार्डांच्या आत पडत असेल, तर सीनियर फ्लेक्स आवर्जून हाताळून पाहावा. मात्र या अक्षरांना सर्व कंपन्यांत एकच प्रमाण नाही. एकीचा ‘आर’ दुसरीच्या ‘ए’इतका लवचिक निघू शकतो. म्हणून अक्षरावर विसंबू नका, चेंडू मारून ठरवा.

आणि एक मनातली गोष्ट. कित्येक पुरुषांना ‘सीनियर’ हा शब्द छापलेली काठी हातात धरणे कमीपणाचे वाटते, ‘लेडीज’ शाफ्टचे तर नावच नको. काठीवरचे अक्षर कोणी वाचत नाही, वाचक मित्रहो. चेंडू कोठे पडला एवढेच सोबती पाहतात. ताठ शाफ्टचा मान राखण्यासाठी कोपर गहाण ठेवण्यात शहाणपण नाही. उलट सडपातळ बांध्याच्या ऐंशीच्या आजोबांना हलका ‘एल’ शाफ्ट मानवत असेल, तर त्यांनी तो खुशाल वापरावा.

हेड आणि त्याचा कोन

हेडचा दर्शनी भाग जितका मागे कललेला, तितका चेंडू उंच उठतो. या कलाला ‘लॉफ्ट’ म्हणतात व तो अंशांत मोजतात. कमी लॉफ्टने चेंडू लांब जातो अशी समजूत आहे. ती वेगवान हातांपुरती खरी. वेग मंद असेल तर कमी लॉफ्टचा चेंडू हवेत टिकतच नाही, लवकर खाली येतो. म्हणून ज्येष्ठांना ९ अंशांच्या ड्रायव्हरपेक्षा १२ अंशांच्या आसपासचा ड्रायव्हर बहुधा अधिक लांब पोहोचवतो.

येथे दुकानातील एका गफलतीपासून जपावे. पूर्वी ७ क्रमांकाच्या आयर्नचा लॉफ्ट ३५ अंशांच्या आसपास असे. अलीकडच्या काही संचांत तोच ३० अंशांवर किंवा त्याहूनही खाली आणला आहे. ‘बघा, या सातने किती लांब गेला!’ असे विक्रेता म्हणेल, पण ती काठी कोनाने पाहता जुन्या पाच क्रमांकाची असू शकते. म्हणून क्रमांक विचारू नका, अंश विचारा. चेंडू पुरेसा उंच उठतो का आणि हिरवळीवर पडल्यावर थांबतो का, हे पाहा.

हेडच्या रचनेबाबत कार्स्टन सोलहाइम यांची हकिगत सांगण्याजोगी आहे. नॉर्वेत जन्मलेले हे अभियंते अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करीत. गोल्फ त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर हाती घेतले. पटिंग, म्हणजे हिरवळीवरून चेंडू होलमध्ये ढकलणे, त्यांना काही केल्या जमेना. आपल्या हाताला दोष देत बसण्याऐवजी त्यांनी काठीची तपासणी केली. हेडचे वजन मध्यावर एकवटल्यामुळे चेंडू जरा बाजूला लागला तरी हेड वळते, हे त्यांनी ओळखले. वजन दोन टोकांना सारून १९५९ मध्ये त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवला. त्यातून ‘पिंग’ ही कंपनी उभी राहिली. वजन कडेला वाटण्याची हीच युक्ती पुढे आयर्नमध्येही रुजली. मागून पोकळ, कडेने जाड अशा हेडमुळे नेम थोडा चुकला तरी फटका फारसा बिघडत नाही आणि हाताला झटका कमी बसतो. ज्येष्ठांनी असेच हेड निवडावे. पातळ पात्यासारखी ‘ब्लेड’ आयर्न देखणी दिसतात, पण ती अचूक आणि तरुण हातांसाठी आहेत.

चौदा काठ्यांचा आग्रह कशाला?

खेळाच्या नियमानुसार एका फेरीत अधिकाधिक १४ काठ्या नेता येतात. ही वरची मर्यादा आहे, तेवढ्या हव्यातच असे नियम म्हणत नाही. भरलेल्या पिशवीचे वजन सहज १२ ते १४ किलो होते. सोबत कॅडी असला तरी मोटारीतून पिशवी काढताना-ठेवताना ते आपल्याच कंबरेवर येते.

३, ४ आणि ५ क्रमांकाची लांब आयर्न मारायला अवघड असतात. मंद वेगाने त्यांचा चेंडू उठत नाही. त्यांच्या जागी ‘हायब्रिड’ किंवा ५ व ७ क्रमांकाचे ‘वुड’ घ्यावेत. त्यांच्या हेडचा तळ रुंद असतो, त्यामुळे ते गवतात अडकण्याऐवजी घसरत पुढे जातात. दहा काठ्यांचा एक सुटसुटीत संच असा होईल : ड्रायव्हर, ५ व ७ क्रमांकाचे वुड, एक हायब्रिड, ७, ८ व ९ क्रमांकाची आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. यात मनोरंजनाच्या खेळाला काही उणे पडत नाही, आणि पिशवीही हलकी होते.

लांबी आणि पटर : कंबरेचा विचार

साठीनंतर उंची काहीशी घटते, पाठीला किंचित पोक येतो. म्हणून वीस वर्षांपूर्वी घेतलेली मापे आज लागू पडत नाहीत. खेळताना घालतो ते बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर घरच्यांकडून मोजून घ्या. उंची आणि हे अंतर या दोन आकड्यांवरून दुकानातील जाणकार काठीची लांबी सुचवतो. दोन माणसांची उंची सारखी असून हातांची लांबी वेगळी असू शकते, म्हणून केवळ उंची सांगून भागत नाही.

लांबीबरोबर हेड जमिनीवर कसे टेकते तेही पाहावे. चेंडूपुढे नेहमीच्या पवित्र्यात उभे राहिल्यावर हेडचे पुढचे टोक हवेत राहत असेल, तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो. टाच हवेत राहत असेल तर उजवीकडे. हा कोन जाणकार कारागिराला बऱ्याच आयर्नमध्ये वाकवून दुरुस्त करता येतो. चेंडू सतत एकाच बाजूला जात असेल तर दर वेळी स्वतःचा पवित्रा बदलून कंबर वेडीवाकडी करण्यापूर्वी काठी तपासून घ्या.

पटरने मारण्यात जोर नसतो, पण फेरीत सर्वाधिक वेळ वाकून उभे राहावे लागते ते याच काठीसाठी. नेहमीचा पटर ३३ ते ३५ इंचांचा. कंबर दुखत असेल तर याहून लांब पटर घेऊन जवळजवळ ताठ उभे राहून खेळता येते. नियमाने अशा लांब पटरला मनाई नाही. मात्र २०१६ पासून त्याचे टोक छातीला वा पोटाला टेकवून फटका मारता येत नाही. काठी हातांनी धरावी, अंगापासून सुटी ठेवावी. जर्मनीचे बर्नहार्ड लँगर लांब पटर वापरतात. २०२३ मध्ये वयाच्या ६५व्या वर्षी त्यांनी यू. एस. सीनियर ओपन ही ज्येष्ठांची मोठी स्पर्धा जिंकली. पटरची जाड ग्रिप मनगटाला स्थिर ठेवते आणि दुखऱ्या बोटांना सुखवते. पटरच्या वरच्या टोकाला बसवायची रबरी वाटीही मिळते. ती चेंडूवर दाबली की चेंडू चिकटून येतो, आणि होलमधून तो काढण्यासाठी वाकावे लागत नाही. वस्तू क्षुल्लक, पण कंबरेचे दुखणे असलेल्यास तिचे मोल कळेल.

दुकानात पाऊल ठेवताना

मोठ्या शहरांतील गोल्फच्या दुकानांत आणि काही मैदानांवर ‘फिटिंग’ची सोय असते. आपण चेंडू मारतो, यंत्र काठीचा वेग, चेंडूची उंची आणि अंतर दाखवते. त्या दिवशी नेहमीच्या बेताने मारा. यंत्रापुढे मर्दुमकी दाखवून मिळवलेला वेग हा आपला खरा वेग नसतो, आणि त्या आकड्यावर घेतलेली काठी पुढे महिनोन्महिने छळते. बोटे आखडत असतील तर शक्यतो सकाळची वेळ घ्या, म्हणजे त्रासदायक वेळी हात कसा चालतो ते कळेल. एका बैठकीत तीसेक चेंडू पुरेत.

त्याच दिवशी पैसे मोजू नका. घरी जा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देहाला विचारा. स्नायू थोडे अंबले असतील तर काळजी नाही. सांधा सुजला असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा कंबरेतून पायात कळ उतरत असेल, तर ती काठी आपली नाही आणि डॉक्टरांची भेट आधी घ्यायला हवी. छातीत दुखणे, धाप लागणे, घेरी येणे यांपैकी काही झाले तर काठीचा विचार बाजूला ठेवून तातडीने उपचार घ्यावेत.

संपूर्ण नवा संच लाखाच्या पुढे सहज जातो. म्हणून क्रम ठरवा. आधी ग्रिप बदला. मग गरज असेल तर लांब आयर्नच्या जागी एखाददुसरे हायब्रिड. मग ड्रायव्हर. सारी आयर्न बदलण्याची पाळी सर्वांत शेवटी.

वापरलेला संच घेण्यातही गैर काही नाही. मात्र ग्रॅफाइटच्या शाफ्टवरून बोट फिरवून चीर वा खाच आहे का ते पाहा. हेड हलवून आत काही खुळखुळते का ऐका. आयर्नच्या दर्शनी भागावरील आडव्या खाचा झिजलेल्या नाहीत ना, हे तपासा. नामांकित बनावटीचा संच अविश्वसनीय स्वस्तात मिळत असेल तर तो नकली असण्याचा संभव मोठा. ओळखीच्या दुकानातून किंवा मैदानावरील प्रशिक्षकाच्या सल्ल्याने घ्यावे.

मुला-सुनांसाठी दोन शब्द

आई-वडिलांना संच भेट देण्याची इच्छा स्तुत्य आहे, पण तो अचानक पुढे ठेवण्याचा मोह आवरा. त्यांना दुकानात घेऊन जा, निवड त्यांना करू द्या. परदेशातून आणणार असाल तर आधी येथे त्यांची मापे घ्या : उंची, मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर, ग्रिपचे माप, फ्लेक्स. विक्रेत्याशी बोलताना ‘बाबांना आता जमत नाही’ असे त्यांच्यादेखत म्हणू नका. ‘बाबांना हे कसे वाटते?’ असे त्यांनाच विचारा. आई खेळत असेल तर तिच्यासाठी बाबांच्या जुन्या काठ्या कापून आखूड करण्याचा काटकसरी बेत टाळा. कापलेला शाफ्ट अधिक ताठ होतो आणि तोल बिघडतो.

आणि कोणी ज्येष्ठ एकाएकी खेळ सोडू लागला, तर ‘वय झाले’ या उत्तरावर समाधान मानू नका. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, नवी काठी कधी आली, हे हळुवारपणे विचारा. दुखण्याचे कारण कधी देहात असते, कधी काठीत. शोध दोन्हीकडे घ्यायला हवा.

आरंभीच्या त्या घरात आता असे घडायला हवे. एखाद्या रविवारी संच माळ्यावरून खाली उतरावा. कोपराचा ठणका डॉक्टरांच्या सल्ल्याने पुरता निवू द्यावा. मग पोलादी संच बदलून घ्यावा, नाहीतर मुलाच्या उपयोगासाठी ठेवून द्यावा. वडिलांच्या हाती जाड, मऊ ग्रिपच्या, हलक्या ग्रॅफाइट शाफ्टच्या आठ-दहा काठ्या याव्यात. सुरुवात पटरने करावी, मग आखूड वेजने, मग अर्ध्या फटक्यांनी. चेंडू दीडशे यार्ड गेला काय आणि दोनशे गेला काय, पहाटे बूट बांधून घराबाहेर पडणारी पावले पुन्हा सुरू होणे अधिक मोलाचे. तेवढे साधून देणारी काठी, मग तिच्यावर कोणतेही अक्षर छापलेले असो, आपल्यासाठी योग्य समजावी.